लाल शर्ट

मळीच्या टाकीत उतरताना घालायचा काशिनाथचा कारखान्याचा लाल शर्ट पाठीवर पार विटला होता. "घामानं गेला रंग," एवढंच तो बायकोला म्हणाला. उगाच तिच्या जिवाला घोर नको. शेवंताला मात्र तो अवतार बघवेना. रविवारी तिने शर्ट दोनदा गेरूच्या पाण्यात बुडवला, वाळवला, वर इस्त्री फिरवली. कसा लालभडक झाला!

सोमवारी दुपारी काशिनाथला त्याच शर्टात दारात आणून ठेवलं.

"वहिनी, मी वरून नजर हलवली नव्हती," मुकादम बाबर रडत म्हणाला. "त्या कापडात जंतू असतात. टाकीतली हवा संपली की ते कापडाचा केमिकलचा रंग खातात, शर्ट पांढरा पडतो. पांढरा दिसला की माणूस वर ओढायचा. गेल्या आठवड्यात पाठ पांढरी दिसली, तसा ओढलाच होता की त्याला! आज शर्ट नव्यासारखा दिसला, वाटलं बदलून घेतला असेल; तो शेवटपर्यंत लाल. मला वाटलं, वाकून गाळ उपसतोय."

त्याने बाहीने डोळे पुसले.

"शर्ट तपासायला पाठवतो. कुणी घात केला ते कळेलच."

शेवंताने हात पदराखाली घेतले. नखांतला गेरू अजून निघाला नव्हता.