मी येईपर्यंत चालू करू नका

सुहासिनीताईंनी ऑटोमॅटिक गाडीचा गिअर डीवर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. गाडी जागची हलली नाही. मग एकदम हिसका बसला आणि ती पुढे सरकली. त्यांनी ब्रेक दाबला, काच खाली केली.

"दिसलं का?"

मैनुद्दीनभाई मेकॅनिक शेजारीच कान देऊन उभे होते. डिसेंबरातली सकाळ. वारज्याच्या त्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्या दवानं भिजलेल्या होत्या.

महिनाभर हेच चाललं होतं. ताईंची आई तिकडे मांजरी गावात अंथरुणाला खिळलेली. तिला भरवायला त्या रोज सकाळी जायच्या. गेटमधून रस्त्यावर वळताना नेमकी गाडी अडायची आणि समोरून टेम्पो अंगावर यायचा. दोन गॅरेजवाल्यांनी गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती तापून नीट चालायला लागलेली असायची.

"आई, आता कॅब करत जा ना," मुलगा सलिल फोनवर म्हणाला होता. नवरा, गोपाळकृष्ण, पेपरातून डोकं न काढता म्हणाले होते, "दोनच पेडल आहेत गाडीला. त्यातही गोंधळ होत असेल तर कठीण आहे."

तेव्हापासून गाडीत बसलं की ताई आधी स्वतःच्या पायांकडे बघायच्या.

मैनुद्दीनभाईंनी मात्र फोनवर एवढंच विचारलं होतं, "दुपारी कधी झालंय असं?"

"नाही. सकाळी पहिल्यांदा काढतानाच."

"मग उद्या मी येईपर्यंत चालू करू नका."

आता ते वाकून म्हणाले, "दिसलं. तुमची काही चूक नाही, ताई. गिअरबॉक्सच उशिरा पकडतोय."

ताईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले. डोळे पुसून म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा. जरा मोठ्यानं."

"कशाला?"

"वर गॅलरीत कानटोपी घालून उभे आहेत, त्यांना ऐकू जाऊ दे."

मैनुद्दीनभाईंनी वर पाहिलं. "त्यांना गेलं ऐकू," ते हसून म्हणाले.

इंजिन चालू ठेवून त्यांनी गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली. तेल कमी होतं, काळपटही. खाली आडवं होऊन टॉर्च मारला, तर एक सील पाझरत होतं. दुपारपर्यंत गॅरेजमध्ये सील बदललं, नवं तेल भरलं. "तरी खरं काय ते उद्या सकाळीच कळेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थंडी आणखी होती. ताईंनी डी टाकला, ब्रेक सोडला. गाडी लगेच, हलकेच पुढे निघाली.

"थांब," मागून आवाज आला. गोपाळकृष्ण जिना उतरून येत होते, हातात मऊ भाताचा डबा. ते पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला.

"तुम्ही कुठे?"

"आईंना बऱ्याच दिवसांत भेटलो नाही."

ताई गाडी चालवत असल्या की शेजारी बसलेल्या गोपाळकृष्णांचा उजवा हात नेहमी हँडब्रेकवर असायचा. गेट आलं. समोरून टेम्पो येत होता. ताईंनी त्याला जाऊ दिलं आणि रस्त्यावर वळल्या.

गोपाळकृष्णांचे दोन्ही हात गरम डब्याभोवती होते. मांजरी येईपर्यंत ते हात तिथेच राहिले.