कोरम

"मला फक्त अर्धा तास बाहेर सोड," सदस्य हॉलोवे सभागृहाच्या द्वारपालाला म्हणाले. त्यांच्या मुठीत तार चुरगळली होती. लढाईत जखमी झालेल्या त्यांच्या मुलाला नेणारी गाडी चार वाजता स्टेशनात येऊन दहा मिनिटं थांबणार होती.

द्वारपालानं खिशातली किल्ली घट्ट धरली. "सभागृहाच्या परवानगीशिवाय कुणालाही सोडता येत नाही, साहेब. कालचा ठराव तुमचाच आहे."

ठराव त्यांचाच होता. यादवी युद्ध पेटलेलं असताना सदस्य जेवायला म्हणून जायचे ते परत यायचेच नाहीत. कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, भरायचाच नाही; सैनिकांच्या बुटांचं विधेयकसुद्धा त्यापायी लटकलं होतं. म्हणून हॉलोवेंनी भांडून दाराला कुलूप लावायला लावलं होतं.

त्यांनी परवानगी मागितली. अध्यक्ष ओशाळले. "कोरमला एक सदस्य कमी आहे, हॉलोवेसाहेब. कोरम नसताना सभागृह परवानगीही देऊ शकत नाही."

चारला गाडीची शिट्टी ऐकू आली. हॉलोवे खिडकीशी उभे राहिले. दहा मिनिटांनी दुसरी शिट्टी झाली.

साडेचारला द्वारपालानं दार उघडलं. सदस्य प्रेंटिस धापा टाकत आत आले.

"माफ करा, अध्यक्ष महाराज. स्टेशनवर जखमींची गाडी होती. एक पोरगा माझा हात सोडेना. वडील याच गावात आहेत, येतीलच, म्हणत होता."

"कोरम झाला," अध्यक्ष हळूच म्हणाले. "हॉलोवेसाहेब, मांडा परवानगीचा ठराव."

हॉलोवे प्रेंटिसपाशी गेले.

"तुमचा कुठला हात धरला होता त्यानं?"