आखाजीचं पाणी

“ओकासान नि मिझु ओ आगेते.”

लताबाई पुरण वाटता वाटता पुटपुटत होत्या. आईला पाणी दे. एवढं एकच जपानी वाक्य, पण होळीपासून घोकूनही ‘आगेते’पाशी जीभ अडखळायचीच. थोड्या वेळाने जपानातून नातीचा फोन येणार होता. तोवर हे वाक्य तोंडात पक्कं बसायला हवं होतं.

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. रावेरच्या त्या घरात सकाळीच घागर भरून झाली होती. वर खरबूज, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. घागर लीलाधरभाऊंच्या आईवडिलांच्या नावाची. आखाजीला गेलेली माणसं पाण्यासाठी दारात येतात, आणि सासरी दिलेल्या लेकी माहेराला येतात. लताबाईंची लेक रोहिणी आता दोन्हींतली होती, आणि तिच्या वाट्याला दोन्हींतलं काहीच नव्हतं.

कारण लेक दिली की तिचं पाणी सासरचं, अशी त्यांच्याकडची रीत. लताबाईंनी नवऱ्याला विचारून बघितलं होतं, एक लहानशी घागर तिच्याही नावाची भरू का.

“आपल्या हातचं पानी तिले पोचत नाही,” लीलाधरभाऊ म्हणाले. म्हणताना त्यांनी बायकोकडे बघितलं नाही.

“मंग कोन देईन तिले पानी?”

सासर कुठलं, तर जपान. तिथे कुठली आखाजी न् कुठली घागर! जावई केन्जी भला माणूस, पण त्या बिचाऱ्याला हे काय ठाऊक असणार. राहिली आठ वर्षांची हाना. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मागच्या दिवाळीत रोहिणी आजारपणात गेली, तेव्हापासून आजी आणि नात फोनवर एकमेकींकडे बघून नुसते हात हलवायच्या.

हेच लताबाईंना फार लागायचं. रोहिणी मराठी माणसांना मोबाइलवरच्या व्हिडिओंतून जपानी शिकवायची, तेही फुकट. तिचे धडे बघून कुठकुठली मुलं तिकडे नोकरीला लागली. जगाला शिकवत बसली आणि पोटच्या पोरीला मायबोली शिकवायची राहून गेली. विचारलं की म्हणायची, शाळेचं ओझं आहे गं तिला, पुढे शिकवीन. ते पुढे काही आलं नाही.

ती गेल्यावर लताबाई तेच धडे लावून बसू लागल्या. गल्लीतल्या बायकांना कौतुक, या वयात जपानी शिकतात म्हणून. कसलं शिकणं न् कसलं काय! धड्यात रोहिणी एक वाक्य आधी जपानीत सांगायची, मग मराठीत, आणि “आता तुम्ही म्हणा” म्हणून मान जराशी कलती करून थांबायची. शिकणाऱ्याने तेवढ्यात ते वाक्य म्हणायचं. लताबाई तेवढ्यात भलतंच बोलून घ्यायच्या. किती वाळली व माय. केस कायले कापले. घरी कधी येशीन. त्यांचं बोलून होईपर्यंत रोहिणी पुढच्या वाक्यावर गेलेली असायची. भाऊ चिडवायचे, जपानी शिकून राह्यली का लेकीशी भांडून राह्यली? पण धडा संपेपर्यंत तेही दाराशी उभे असायचे.

होळीला त्या घागरीचं बोलणं झालं आणि लताबाई पहिल्यांदा खरोखरच शिकायला बसल्या. घरातल्या बोलण्याच्या धड्यात त्यांना हवं ते वाक्य सापडलं. ‘आईला पाणी दे.’ त्याच्या पाठोपाठ उत्तरही होतं, ‘हो, दिलं.’ ते काही त्यांनी पाठ केलं नाही. उत्तर त्यांना कुठे द्यायचं होतं?

फोन वाजला. भाऊंनी तो घागरीला टेकवून उभा केला. पडद्यावर हाना आली. रोहिणीचंच कपाळ. लताबाईंनी पुरणाचे हात पदराला पुसले आणि डोळे मिटून घेतले.

“ओकासान नि मिझु ओ… आगेते.”

डोळे उघडले, तर हाना मागे वळून बघत होती. चुकलं वाटतं. इतके दिवस घोकून ऐन वेळी चुकलं. त्या पुन्हा म्हणणार, तेवढ्यात हानाने तिकडचा फोन हातात घेतला आणि ती चालू लागली. पडद्यावर नुसती फरशी हलत होती. मग एक दार. मग भिंतीशी लाकडाचं छोटं देवघर.

त्यात रोहिणीचा फोटो होता. पुढे भाताची इवलीशी वाटी, एक केळं, आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. पेला धुऊन धुऊन लख्ख झालेला होता. एका दिवसापुरती मांडलेली ती मांडणी नव्हती.

“हो, दिलं,” हाना म्हणाली. “रोज देते.”

मराठीत म्हणाली. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, आणि हेल सगळा रोहिणीचा.

भाऊ पुढे सरकून फोनजवळ बसले. लताबाईंना रडू फुटलं, ते आवरेना. हाना वाट बघत राहिली. मग तिला वाटलं असावं, आजीला पुढचं येत नाही. तिने मान जराशी कलती केली.

“आता तुम्ही म्हणा,” ती म्हणाली, आणि थांबली.