तुंबवलेली

सहादूनं उपरणं पुढं केलं आणि त्याखाली छगनचा हात हातात घेतला. घोडेगावच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं सांगत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून सांगतात. गाडीचा भाव असा पहिल्यांदाच होत होता. पण जनावरांच्या दलालीत जन्म गेलेल्या सहादूला दुसरी रीत ठाऊक नव्हती, आणि आज मोठ्यानं बोलावंसंही वाटत नव्हतं.

गाडी मागं लिंबाखाली उभी होती. काळी पिकअप. पुण्याच्या एका बिल्डरनं डोंगर बघत हिंडायला घेतलेली. डोंगर विकून झाल्यावर त्यानं गाडीही विकली. हिला क्लच नाही. गिअर आपोआप पडतात, डाव्या पायाला काही कामच नाही. सहादूला डावा पाय गुडघ्याखाली नव्हताच. ही आल्यापासून तो बाजारोबाजार एकटा हिंडला होता, कुणाला 'जरा सोडतोस का' असं न म्हणता.

उन्हाळ्यापासून गिअरबॉक्सनं अंग काढून घेतलं. गार असली की लोण्यासारखी चालायची. तापली की दांडा पुढं घ्या नाहीतर मागं घ्या, इंजिन बोंबलायचं आणि चाक हलायचं नाही. नगरच्या मेस्तरीनं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि चहा मागवला. मेस्तरी स्वतःहून चहा मागवतो तेव्हा माणसानं काय ते समजून घ्यायचं असतं.

म्हणून सहादूच्या पोरानं, संदीपनं, गाडी काल संध्याकाळीच इथं आणून लावली होती. रात्रभर गार व्हायला. सहादूनं तसं सांगितलं नव्हतं. दलालाच्या घरात वाढलेल्या पोराला तुंबवणं शिकवावं लागत नाही. बाजाराच्या आदल्या सांजेला गाईची धार काढायची नाही, वासराला पाजायचं नाही. सकाळी कास घागरीसारखी फुगते आणि गिऱ्हाईक भुलतं. नुसता अंगठा लावून ही चलाखी ओळखणारा बाजारात एकच माणूस आहे, असं लोक म्हणत. तो माणूस म्हणजे सहादू.

छगन कोल्हारहून एसटीनं आला होता, काखेत कुबडी घेऊन. सहादू त्याला लांबूनच बघत राहिला. पाय डावाच गेलेला. बिनक्लचच्या जुन्या पिकअपला या जिल्ह्यात दुसरं कुठलं गिऱ्हाईक येणार, हे मोबाईलवर जाहिरात टाकताना सहादूच्या ध्यानात आलं नव्हतं. संदीपच्या आलं असावं.

छगननं हायवेपर्यंत एक चक्कर मारली. परत आला तो गाडीतून उतरेचना. हात स्टिअरिंगवर ठेवून सांगत बसला. ऊसतोडणीच्या मशिनमध्ये पाय गेल्यापासून भाचा गाडी चालवतो. बायकोला दवाखान्यात न्यायचं तरी आधी भाच्याला विचारायचं. भाचा वाईट नाही, पण 'हो मामा' म्हणायच्या आधी घड्याळ बघतो.

आता उपरण्याखाली सहादूनं मुद्दाम चढी बोटं दाबली. छगननं एकही बोट मागं सारलं नाही. सहादूला त्याचा रागच आला.

"भाव तरी करा की, छगनराव."

"कशाला? लई फसलो मी आजवर. आता वस्तू बघत न्हाई, मानूस बघतो." छगननं कुबडीच्या टोकानं सहादूच्या दुमडलेल्या पायजम्याकडं दाखवलं. "ह्यो बघितला. म्हनलं, हितं काय धोका न्हाई."

संदीपनं मोबाईलवर पैसे आलेले बघितले आणि मान हलवली. छगन कुबडी शेजारच्या सीटवर टाकून बसला. सहादू दार धरून उभा होता. दार काही त्याच्या हातून सुटत नव्हतं.

"सकाळच्या पारीच काढत जा," तो म्हणाला. "उन्हाची नको."

"पोरगी दिल्यावानी सांगताय, आण्णा," छगन हसला. "संबाळीन की."

गाडी लोण्यासारखी निघून गेली.

संदीपनं मोटरसायकल वळवून आणली. बसा मागं, म्हणाला, तुम्हाला घरी टाकून मला पुढं जायचंय. आणि घड्याळ बघितलं.

तेवढ्यात सोनईच्या राहीबाईनं हाक मारली. एक गाय तिच्या मनात भरली होती, पण सहादूआण्णानं हात लावल्याशिवाय ती पैसे सोडणार नव्हती. सहादू कुबडी टेकत गेला. गाय पाय फाकवून उभी होती, कास नुसती फुटायला आलेली. त्यानं वाकून अंगठा दाबला. गायवाला त्याच्या तोंडाकडं बघत होता, हात जोडल्यासारखा.

"तुंबवलेली हाय," सहादू म्हणाला. "घेऊ नका."

गायवाल्यानं मान खाली घातली. राहीबाईनं पैशाची पिशवी परत कमरेला खोचली.

"तुमी हुतात म्हनून वाचले, आण्णा."

मागं संदीप हॉर्न वाजवत होता. अंगठ्याला लागलेलं दूध सहादूनं उपरण्याला पुसलं आणि वर बघितलं. ऊन तापायला लागलं होतं.