केनवडातली गाडी

डॉक्टरनं बुढ्याचे दोन दिस सांगतले. नातू उत्कर्ष फोनवर म्हने, "आजी, पुन्यातून निंघतोच. फक्त गाडीचं इंजिन ट्यून करून घेतो, म्हंजे मेडशीले झटक्यात पोचतो."

"नवी गाडी हाय, पयलेच वाऱ्यावानी पयते ना रे!"

"अजून पयीन."

बुढा दाराकडेच पाहे. मंग मी थापा माराले लागली, "निंघाला तो. गाडी मेहकरात आली, तिची सावली अजून जालन्यातच हाय."

"आता?"

"केनवड. मेडशी आता जवयच हाय."

दोन दिस मी ते गाडी केनवडातच फिरवली. शेवटी बुढ्याचा हात थंड पडाले लागला, तं म्हनलं, "आली हो अंगनात." बुढा हासला अन् गेला.

उत्कर्ष आला तवा सरन इझत आलं होतं. चाबी हातात धरून म्हने, "आजी, ट्यूनिंगनं एकच तास वाचला व."