पायातली चांदी

वामनरावांच्या डाव्या पायावरची मधुमेहाची जखम दमयंतीबाई तीन वर्षं रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं धुऊन बांधत. आज सकाळी नर्सनं जखमेवर चांदीच्या सूक्ष्म कणांचं, आत सेन्सर असलेलं जेल थापलं.

"जंतू हेच मारेल, काही बिघडलं तर मोबाइलवर हेच कळवेल. महिनाभर कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे आता तुमच्याही पायात चांदी," आपल्या जोडव्यांकडे बघत दमयंतीबाई हसल्या.

संध्याकाळी सहाला त्या सवयीनं कोमट पाण्याचं तसराळं घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. धुवायला काही उरलंच नव्हतं.

वामनरावांनी उजवा पाय पुढे केला.

"आता याला काय झालं?"

"काही नाही. तीन वर्षं बिचारा नुसता बघत बसलाय."