अक्कांची नवी मोरी

या मंडळी, जवळ सरकून बसा. एका मोरीची गोष्ट सांगतो, ऐकून अंग मोहरेल.

गुडघे गेल्यापासून चार वर्षं द्वारकाक्कांना सून आंघोळ घालत होती आणि अक्का रोज लाजेनं डोळे मिटून घेत. आज जुनी मोरी फोडून कय्यूम मिस्त्रीनं वजन घटवणारी फरशी बसवली.

“अक्का, आत तुम्ही फक्त दहा किलोच्या! पाणीही सावकाश वाहील, म्हणून उतार दुप्पट दिलाय.”

“मेल्या, उडून गेले तर?”

“छतही मजबूत केलंय!”

सुनेचा हात सोडून अक्का आत गेल्या आणि आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. तांब्यातलं पाणी फुलासारखं अलगद खांद्यावर उतरलं. मग आतून टाळ्या आणि अभंग ऐकू येऊ लागला. अक्का नाचत होत्या!

“आई, झाली का आंघोळ?”

“अगं, आत्ता कुठं पूर्वरंग संपलाय!”

मंडळी, उद्या पहिला तांब्या घेताना, अजून दुसऱ्याच्या हातानं न्हाणाऱ्यांची आठवण ठेवा.